रेटिंग सोबत येतं, राज्य येत नाही

नागपूर आणि गार्डन रीच यांचं नातं जुनं आहे. १८८७ साली बेंगाल नागपूर रेल्वे स्थापन झाली, पुढे तिचं मुख्यालय कोलकात्यात हुगळीकाठच्या गार्डन रीचला थाटलं गेलं, आणि मोतीबागेतल्या कारकुनापासून इतवारीच्या स्टेशनमास्तरापर्यंत सगळ्यांच्या बदल्या-बढत्यांचे कागद तिथून निघू लागले. २००३ मध्ये दक्षिण पूर्व मध्य रेल्वे वेगळी झाली, नागपूर विभाग बिलासपूरकडे गेला, तरी गार्डन रीचला बदलीवर जाणारी मराठी माणसं संपलेली नाहीत. कुणी दक्षिण पूर्व रेल्वेच्या मुख्यालयात जातं, कुणी गार्डन रीच शिपबिल्डर्समध्ये, कुणी बंदराच्या कामावर.

या कुटुंबांच्या सामानात हल्ली बुद्धिबळाचं डिजिटल घड्याळ हमखास असतं. नागपूरची दिव्या देशमुख जुलै २०२५ मध्ये बाटुमीला कोनेरू हम्पीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकली. त्याआधीच रौनक साधवानी आणि संकल्प गुप्ता यांनी शहराला ग्रँडमास्टरांची सवय लावली होती. साहजिकच तिथल्या घराघरांत एखादं पोर पटावर बसलेलं असतं. बदलीचा हुकूम आला की आईवडील शाळेचा दाखला, गॅस आणि क्वार्टर यांच्या मागे लागतात. बुद्धिबळाचे कागद मात्र राहून जातात. मुलाला तिकडच्या राज्य निवड स्पर्धेत बसायचं असतं तेव्हा ते आठवतात, आणि तोवर मुदत गेलेली असते.

मुलाचं फिडे रेटिंग त्याच्यासोबत रेल्वेत बसून येतं. राज्य येत नाही. ते तुम्हाला अर्ज करून बदलावं लागतं. ज्यांना हे उशिरा कळतं त्यांचं एक वर्ष वाया जातं, आणि नऊ वर्षांच्या मुलाच्या खेळात एक वर्ष फार मोठं असतं.

आधी उतरंड समजून घ्या. सगळ्यात वर फिडे, म्हणजे जागतिक संघटना, २० जुलै १९२४ रोजी पॅरिसला स्थापन झालेली. फिडे माणसांना थेट सभासद करत नाही, तिचे सभासद देशोदेशीचे महासंघ. आपला अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ १९५१ चा. त्याखाली राज्य संघटना आणि त्यांच्याखाली जिल्हे. तुमचा मुलगा या शिडीच्या तळाशी उभा असतो. त्याचा फिडे आयडी वरून येतो, पण तो मागायचा खालून. महासंघाकडे खेळाडू म्हणून नोंदणी केल्याशिवाय आयडी नाही, आणि आयडीशिवाय रेटिंग नाही. नोंदणी म्हणजे सातबारा. पीक दरवर्षी नव्याने काढावं लागतं, पण जमीन कुणाच्या नावावर आहे ते आधी स्पष्ट हवं.

महासंघाचं काम काय, असा प्रश्न पालक कधीकधी वैतागून विचारतात, कारण त्यांना दिसते ती फक्त फी. काम मुख्यतः तीन प्रकारचं आहे. कोण कुणाकडून खेळतो हे ठरवणं, कुठली स्पर्धा रेटिंगसाठी धरायची ते आधी फिडेकडे नोंदवणं, आणि आशियाई वा जागतिक स्पर्धेला कुणाला पाठवायचं ते निवडणं. या तिन्ही ठिकाणी सत्ता आहे, आणि सत्ता असली की भांडणही असतं. १९७६ मध्ये रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली तेव्हा काही पुरुष खेळाडूंनी कुरकुर केली. प्रकरण न्यायालयापर्यंत गेलं आणि शेवटी फिडेचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स यूवे यांना सांगावं लागलं की स्त्रियांना राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्पर्धेतून वगळता येणार नाही. आज एखादी मुलगी खुल्या गटात सहज बसते, ती त्या वादामुळे.

दुसरं प्रकरण अलीकडचं, आणि पालकांनी लक्षात ठेवावं असं. महासंघाच्या मान्यतेबाहेरच्या एका संघटनेच्या स्पर्धेत खेळल्याबद्दल काही खेळाडूंवर बंदी आली, त्यांची रेटिंगही यादीतून गेली. त्यांनी भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. जुलै २०१८ मध्ये आयोगाने खेळाडूंच्या बाजूने निकाल दिला आणि महासंघाला ६ लाख ९२ हजार रुपयांचा दंड केला. निकाल चांगला, पण तो यायला वर्षं लागली, आणि तोवर त्या खेळाडूंचं उमेदीचं वय निघून गेलं. म्हणून माझा सल्ला सावध आहे. सोसायटीच्या गणेशोत्सवातली किंवा कोलकात्यातल्या महाराष्ट्र मंडळाची स्पर्धा निर्धास्त खेळा, तिथे रेटिंगचा प्रश्नच नसतो. पण ‘राष्ट्रीय’, ‘अखिल भारतीय’, ‘निवड चाचणी’ असे शब्द छापलेल्या अनोळखी स्पर्धेचे पैसे भरण्याआधी थांबा. माहितीपत्रकावर महासंघाचा इव्हेंट कोड आहे का पाहा, आणि तीच स्पर्धा फिडेच्या रेटिंग संकेतस्थळावर भारताच्या यादीत सापडते का तेही पाहा. दोन्ही नसेल तर ‘ही फिडे रेटेड आहे’ हे फोनवरचं आश्वासन धरू नका.

आता बदलीचं. नागपुरात असतानाच, सामान बांधायच्या आधी, जुन्या जिल्हा आणि राज्य संघटनेकडे ना-हरकत पत्राचा अर्ज करा. लेखी करा, ईमेलने करा, आणि त्याची प्रत ठेवा. सोबत बदलीच्या हुकुमाची प्रत, मुलाचा जन्मदाखला, आधार आणि नव्या शाळेचा प्रवेश झाला असेल तर त्याचं बोनाफाइड. पश्चिम बंगालचं काम सारा बांगला दाबा संस्था पाहते. तरी पोहोचल्यावर महासंघाच्या संकेतस्थळावरच्या संलग्न संस्थांच्या यादीत नाव ताडून घ्या, कारण राज्य संघटनांच्या मान्यता जातात-येतात आणि जुन्या पाट्या मात्र भिंतीवर तशाच राहतात. राज्य बदलण्याची मुदत आणि शुल्क त्या त्या वर्षाच्या परिपत्रकात असतं. गेल्या वर्षी कुणी काय केलं यावर विसंबू नका.

गार्डन रीचच्या पत्त्यात एक बारीक अडचण आहे. ही पूर्वी वेगळी नगरपालिका होती, १९८४ मध्ये ती कोलकाता महानगरपालिकेत सामील झाली, आणि जुन्या कागदांवर या भागाचा जिल्हा दक्षिण २४ परगणा असा दिसतो. म्हणून जिल्हा संघटना कुठली, कोलकात्याची की परगण्याची, हे राज्य संस्थेलाच पहिल्या फोनमध्ये विचारा. निवड स्पर्धा जिल्ह्यापासून सुरू होते. चुकीच्या जिल्ह्यात नाव गेलं की ते दुरुस्त करायला पुन्हा तीच अर्जांची फेरी.

रेल्वेवाल्यांचा आणखी एक गोड गैरसमज असतो. महासंघाच्या राष्ट्रीय स्पर्धांत रेल्वे स्पोर्ट्स प्रमोशन बोर्ड हे राज्यासारखंच वेगळं युनिट म्हणून उतरतं, आणि रेल्वेचा संघ दणकट असतो. त्यामुळे ‘आम्ही रेल्वेचे, मग पोरगीही रेल्वेकडून खेळेल’ असं वाटतं. तसं नाही. ते दार नोकरीत असलेल्या खेळाडूंसाठी आहे. सेनादलाचंही तसंच. मुलगी राज्याकडूनच खेळणार, आणि ते राज्य कुठलं हे तुमच्या अर्जावर ठरणार. बाबांना स्वतःला खेळायचं असेल तर मात्र दक्षिण पूर्व रेल्वेच्या क्रीडा संघटनेत चौकशी करायला हरकत नाही, आंतररेल्वे स्पर्धा असतात.

ना-हरकत पत्र रखडलं तर मुलाचा खेळ थांबतो का? निवड स्पर्धांपुरता थांबतो. खुल्या रेटिंग स्पर्धा महासंघाकडे नोंदलेल्या कुणालाही खुल्या असतात, मग तो कुठल्याही राज्याचा असो. हा फरक कळला की निम्मी घालमेल कमी होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत आजोळी नागपूरला गेलात तर तिथली खुली स्पर्धा खुशाल खेळा, रेटिंग तितकंच मोजलं जाईल. महाराष्ट्राच्या निवड स्पर्धेत मात्र, राज्य बदललं असेल तर, जागा नाही.

नावाचं एक खास मराठी दुखणं आहे. आपल्याकडे मुलाच्या नावाला वडिलांचं नाव आणि मग आडनाव. बंगालमध्ये मधलं नाव लिहीलच असं नाही, आणि आयोजक घाईत जे कळेल ते टाइप करतो. आयडी न देता नाव वेगळं लिहिलं की संगणक त्याला नवा खेळाडू समजतो, आणि एका मुलाचे दोन आयडी होतात. मग काही सामने इथे, काही तिथे. जन्मदाखल्यावरचं इंग्रजी स्पेलिंग एकदा ठरवा, फिडे आयडी पाठ करा, आणि प्रत्येक प्रवेशअर्जात तो आधी लिहा. पहिल्या फेरीच्या आधी चेस-रिझल्ट्स या संकेतस्थळावर खेळाडूंची यादी लागते, त्यात आयडी बरोबर आहे का ते पाहणं हे पालकाचं काम. स्पर्धा संपल्यावर चूक दुरुस्त होते, पण त्यासाठी आर्बिटरच्या, म्हणजे पंचाच्या, मागे फिरावं लागतं.

वयोगटाचं साधं गणित असं की वय १ जानेवारीला धरतात. आपल्या राष्ट्रीय स्पर्धा ७, ९, ११, १३ अशा विषम वयांखालच्या असतात. याला कारण आहे. यंदा इथे निवडला गेलेला मुलगा पुढच्या वर्षी ८, १०, १२ वर्षांखालच्या आशियाई किंवा जागतिक स्पर्धेत बसतो.

आता रेटिंगकडे वळू. या विषयावर मार्गदर्शनाची खरी गरज मुलांपेक्षा पालकांना आहे.

अर्पाद एलो हे हंगेरीत जन्मलेले, मिल्वॉकीत भौतिकशास्त्र शिकवणारे प्राध्यापक. त्यांची पद्धत अमेरिकन संघटनेने १९६० मध्ये आणि फिडेने १९७० मध्ये स्वीकारली. तिचं मर्म एवढंच की दोन खेळाडूंच्या आकड्यांतल्या फरकावरून कुणाकडून किती गुणांची अपेक्षा आहे ते काढायचं, आणि प्रत्यक्ष निकाल अपेक्षेहून जितका वर-खाली, तितका आकडा हलवायचा. तुमच्या मुलीचं रेटिंग १५००, समोरचा १७००. २०० च्या फरकाला तिच्याकडून अपेक्षा ०.२४ गुणांची. ती जिंकली तर ०.७६ ने पुढे गेली. याला गुणायचा आकडा म्हणजे ‘के’, आणि १८ वर्षांखालच्या, २३०० च्या आतल्या खेळाडूंसाठी तो ४०. म्हणजे एका विजयाने ३०.४ गुण वाढले. बरोबरी केली तर १०.४ वाढले. हरली तर ९.६ गेले. हरण्याची किंमत फार नाही, हे तिला कागदावर करून दाखवा. मोठ्या खेळाडूसमोर मूठभर गुण जातात म्हणून रडणाऱ्या मुलांना याने जो धीर येतो तो भाषणाने येत नाही.

प्रौढ खेळाडूला स्थिरावल्यावर ‘के’ २० असतो आणि एकदा २४०० गाठलं की १०. म्हणून बारा वर्षांचं पोर एका स्पर्धेत शंभरावर गुण मिळवतं आणि त्याचे मास्तर सहा महिने जागचे हलत नाहीत. मास्तर बिघडलेले नसतात, त्यांचा गुणक वेगळा असतो.

पहिलं रेटिंग मिळवायला निदान पाच सामने रेटिंगवाल्या खेळाडूंशी झालेले हवेत. ते एकाच स्पर्धेत व्हायला हवेत असं नाही, २६ महिन्यांच्या आत वेगवेगळ्या स्पर्धांतून जमले तरी चालतात. पण पहिल्याच स्पर्धेत सगळ्या रेटेड खेळाडूंविरुद्ध शून्य आलं तर ती धरत नाहीत. मार्च २०२४ पासून नियम असा की हिशोबात १८०० च्या प्रतिस्पर्ध्याशी दोन काल्पनिक बरोबऱ्या धरायच्या. समजा, पाच प्रतिस्पर्धी प्रत्येकी १५०० चे आणि गुण अडीच. मग सरासरी काढताना ७५०० मध्ये ३६०० मिळवायचे, सातने भागायचं, येतात १५८६, आणि गुण निम्मे असल्यामुळे तेच पहिलं रेटिंग. हिशोब १४०० च्या खाली आला तर मूल ‘अनरेटेड’च राहतं. त्यात नामुष्की काही नाही.

हा १४०० चा तळही मार्च २०२४ मध्येच आला. आधी तो १००० होता. त्या महिन्यात फिडेने २००० च्या खालच्या सगळ्यांची रेटिंग वर उचलली. २००० ला जितके कमी, त्याच्या चाळीस टक्के भर. १५०० चा माणूस झोपेतून उठला तो १७०० झाला, १८०० चा १८८०. म्हणून मोठ्या भावाच्या २०२२ च्या १३०० ची धाकट्याच्या आजच्या १५८० शी तुलना करून घरात भांडण लावू नका, ते जवळपास एकच आहेत. नोव्हेंबर २०२४ च्या यादीत कोलकात्याचा चार वर्षंही पूर्ण न झालेला एक मुलगा १५५५ रेटिंग घेऊन आला, तेव्हा बातम्यांनी देश दुमदुमला. मुलगा गुणी आहेच. पण आकडा वाचताना खालची पायरी आता १४०० पासून सुरू होते हेही ध्यानात हवं, नाहीतर आपलं सात वर्षांचं पोर मागे पडलं म्हणून उगाच क्लास बदलले जातात.

मला खरी चीड येते ती ‘बिलो सिक्स्टीन हंड्रेड’ स्पर्धांच्या हावेची. या रेटिंगमर्यादेच्या स्पर्धांची बक्षिसं मोठी असतात, आणि काही पालक मूल १६०० च्या खालीच राहावं म्हणून त्याला चांगल्या खुल्या स्पर्धांपासून लांब ठेवतात. बक्षिसासाठी मुद्दाम हरणं हा तर सरळ गैरप्रकार, त्यावर शिस्तभंगाची कारवाई होते. पण गैरप्रकार नसला तरी मुलाचं नुकसानच आहे, कारण खेळ सुधारतो तो आपल्याहून शंभर-दोनशेने वरच्यांशी बसल्यावर. वर्षाच्या स्पर्धा निवडताना बक्षिसाच्या तक्त्याआधी गेल्या वर्षीची प्रवेशयादी पाहा. मधल्या फळीत तुमच्या मुलाहून थोडे वरचे खेळाडू भरपूर असतील ती स्पर्धा घ्या.

या बाबतीत कोलकाता चांगलं शहर आहे. दिब्येंदू बरुआ १९९१ मध्ये भारताचे दुसरे ग्रँडमास्टर झाले, आणि त्यांच्यामागून सूर्यशेखर गांगुली, संदीपन चंदा अशी रांग लागली. गोर्की सदनातल्या अलेखिन चेस क्लबने कित्येक पिढ्या खेळवल्या. २०१८ पासून टाटा स्टीलची जलद आणि ब्लिट्झ स्पर्धा शहरात भरते, हल्ली अलीपूरला, आणि अलीपूर गार्डन रीचहून काही लांब नाही. मुलाला एक दिवस प्रेक्षक म्हणून घेऊन जा. जलद आणि ब्लिट्झची रेटिंग २०१२ पासून वेगळी मोजली जातात, हे तिथेच समजावता येईल. क्लासिकलचा आकडा जलद खेळून हलत नाही.

गार्डन रीचहून शहरात सकाळच्या फेरीला निघताना खिदिरपूरच्या उघडत्या पुलाचा अंदाज ठेवा. गोदीत जहाज शिरत असलं की रस्ता थांबतो. किती उशीर चालेल, म्हणजे डिफॉल्ट टाइम, हे माहितीपत्रकात दिलेलं असतं. ते वाचून निघायची वेळ ठरवा. तो संपल्यावर पोहोचलात तर घड्याळ सुरू होऊनही डाव गेलेला असतो. (जवळच मटियाबुर्ज आहे, जिथे अवधचा नबाब वाजिद अली शाह १८५६ नंतर राहिला आणि बेंगाल नागपूर रेल्वे जन्मली त्याच साली वारला. सत्यजित राय यांच्या सिनेमातले त्याच्या काळचे खिलाडी निवांत होते. त्यांना ना घड्याळ, ना आर्बिटर.)

किताबांचं थोडक्यात. कँडिडेट मास्टर २२०० ला, फिडे मास्टर २३०० ला मिळतो, तो फक्त रेटिंगवर. इंटरनॅशनल मास्टरला २४०० आणि नॉर्म, ग्रँडमास्टरला २५०० आणि नॉर्म. नॉर्म म्हणजे किमान नऊ फेऱ्यांच्या स्पर्धेतली विशिष्ट दर्जाची कामगिरी, त्यात परदेशी प्रतिस्पर्धी आणि किताबधारी प्रतिस्पर्धी यांची अट असते. म्हणूनच त्या टप्प्यावर प्रवासखर्च एकदम वाढतो. दिव्या विश्वचषक जिंकून नॉर्म पुरे न करता थेट ग्रँडमास्टर झाली, भारताची अठ्ठ्याऐंशीवी. फिडेच्या नियमात त्या विजेतेपदाला तो मान आहे. हा रस्ता नियोजनात धरू नये.

शेवटी नोकरीचा विचार, कारण रेल्वेच्या घरात तो निघतोच. केंद्र सरकारच्या खेळाडू कोट्यात बुद्धिबळ आहे, आणि तिथे रेटिंगचा प्रिंटआउट पुरत नाही. देशाकडून खेळल्याचं प्रमाणपत्र राष्ट्रीय महासंघाच्या सचिवाच्या सहीने फॉर्म १ वर लागतं, राज्याकडून राष्ट्रीय स्पर्धा खेळल्याचं राज्य संघटनेच्या सहीने फॉर्म २ वर, विद्यापीठाचं फॉर्म ३ वर, शालेय राष्ट्रीय स्पर्धेचं फॉर्म ४ वर. शालेय खेळ महासंघाच्या स्पर्धा आणि बुद्धिबळ महासंघाच्या शालेय स्पर्धा या वेगळ्या, दोन्हींची प्रमाणपत्रं एकाच फाइलीत एकत्र करू नका. मुलगा दोन राज्यांकडून खेळला असेल तर सह्याही दोन राज्यांच्या लागतील. त्या त्याच वर्षी घ्या. पुढे अर्ज भरताना सचिव बदललेले असतात, कार्यालय हललेलं असतं, आणि नागपूरचं पत्र गार्डन रीचहून मागवण्यात अर्जाची तारीख निघून जाते.